गुडघ्याचा जटापाठ

मी घाटावर पडलो नाही. हे सगळ्यात आधी सांगतो, कारण दुर्गाघाटावर आजही भेटेल तो माणूस मान हलवून म्हणतो, "आठल्येजी, इस उमर में सँभलकर उतरना चाहिए." अहो, साठ वर्षं मी या पायऱ्या उतरतोय. शेवाळावरून उतरलो, पुराच्या गाळातून उतरलो, स्वतःच्या लग्नात डोळ्यांवर मुंडावळ्या घेऊन उतरलो. कधी घसरलो नाही. मी पडलो लखनऊला, आमच्या शरदच्या फ्लॅटमध्ये, आठव्या मजल्यावर, पॉलिश केलेल्या गुळगुळीत फरशीवर. त्या इमारतीत दोन लिफ्टा आहेत आणि फ्लॅटमध्ये उंबरठासुद्धा नाही. उजव्या गुडघ्याची वाटी तिथे फुटली, तिथेच ऑपरेशन झालं आणि आत तार घातली.

आता यातून कोणीही शहाणा माणूस काय निष्कर्ष काढेल? की सपाट जमीन धोक्याची असते. आमचे चिरंजीव बँकेत अधिकारी आहेत. त्यांनी निष्कर्ष काढला की बनारसच्या पायऱ्या धोक्याच्या असतात. आमच्या दोन खोल्या दुसऱ्या मजल्यावर, जिना उभा, आणि गली अशी की समोरून सायकल आली तर एकाने कुणाच्या तरी दारात शिरावं. तेव्हा खोल्या सोडा आणि दोघंही कायमचे लखनऊला या, असं शरदने फर्मावलं. मी नाही म्हटलं. बनारसला परतल्यावर महिनाभर फोनवर वाद झाला. शेवटी त्याने बँकेच्या खाक्याप्रमाणे अट घातली. देवदिवाळीच्या, म्हणजे इथल्या कार्तिकी पौर्णिमेच्या आत मी पंचगंगा घाट कुणाच्या आधाराशिवाय उतरून चढून दाखवायचा, आणि तसं डॉक्टरी प्रमाणपत्र आणायचं. नाहीतर खोल्यांना कुलूप. पोटच्या पोराने बापाकडे प्रमाणपत्र मागावं, हे मला फार लागलं. आमची इंदू जन्माने इथली, माहेर दोन गल्ल्या सोडून. ती एवढंच म्हणाली, "अहो, लखनऊला मी कुणाशी बोलू?" आणि पुढे तिने तो विषय काढला नाही. तिचा तो एक प्रश्न मला शरदच्या सगळ्या अटींपेक्षा जड गेला.

परत आलो तेव्हा पाय प्लास्टरमध्ये. आमच्या गलीत गाडी येत नाही, रिक्षा येत नाही. चौघांनी मला खुर्चीसकट उचललं आणि खांद्यावर घेतलं. उन्हासाठी इंदूने माझ्यावर पांढरा पंचा पांघरला होता. चौकात एक गृहस्थ बाजूला झाले, चप्पल काढली आणि हात जोडले. मी पंचा बाजूला सारून त्यांना म्हटलं, "अभी नहीं, भाई साहब." त्यांनी माफी मागायची सोडून खांदेकऱ्यांना विचारलं, "कौन से घाट जाएँगे?" छत्तीस वर्षं रेल्वेच्या कचेरीत हेडक्लार्क होतो हो मी. माझ्या सहीशिवाय एक फाईल हलत नव्हती.

प्लास्टर निघालं आणि सल्ले सुरू झाले. खालच्या मजल्यावरच्या प्रेमलाकाकू रोज एक तेल घेऊन यायच्या. एक मोहरीचं, एक लसणीचं, आणि एक असं, की ज्यात काय आहे ते विचारायचं नाही. दूधवाल्याने आखाड्यातला एक पैलवान आणला. त्याने माझा गुडघा पाहिला, तार घातली हे ऐकून हळहळला आणि म्हणाला की आधी माझ्याकडे आला असता तर. मी विचारलं, लखनऊहून? तो म्हणाला, हाँ. इंदूच्या भावाने सांगितलं की पाय अजिबात हलवू नका. त्याच्या बायकोने सांगितलं की एक क्षणही स्थिर ठेवू नका. हे दोघं एकाच वेळी, एकाच चटईवर बसून मला सांगत होते, आणि वर चहाही पीत होते.

मी सरळ मोठ्या इस्पितळात गेलो. तिथले डॉक्टर म्हणाले, आम्ही 'ठीक' किंवा 'ठीक नाही' एवढंच लिहून देतो; माणूस किती पायऱ्या चढू शकतो हे मोजायचं काम संशोधनात चाललंय, वर जा. वर म्हणजे दुसऱ्या मजल्यावर. लिफ्टवर पाटी होती, 'बंद'. चाकाच्या खुर्चीसाठीच्या उताराला जाळीचं दार होतं, दाराला कुलूप होतं, आणि किल्ली ज्यांच्याकडे होती ते पांडेयजी वर दुसऱ्या मजल्यावर बसत. ज्यांना पायऱ्या चढता येत नाहीत त्यांच्यावरचं संशोधन चाळीस पायऱ्या चढून गेल्यावर आहे, हे ज्या कुणाच्या डोक्यातून निघालं त्याचा मला एकदा सत्कार करायचाय. मी जिना बसून चढलो. धोतर मळलं.

वर लतिका श्रीवास्तव नावाची मुलगी भेटली. ती गुडघ्याच्या दुखण्यातून माणूस पुन्हा पायऱ्या कसा चढायला लागतो यावर पीएच.डी. करत होती. पोर चांगली, बोलायला गोड, फक्त 'अंकलजी' म्हणायची. मी काही हिचा अंकल नव्हे, पण गरज माझी होती. तिने सांगितलं की अभ्यासात नाव घातलं तर शेवटी विभागप्रमुखांच्या सहीचं प्रमाणपत्र मिळेल. मी सात ठिकाणी सह्या केल्या. मग तिने एक छापील प्रश्नावली काढली. ती परदेशात तयार झाली होती आणि तिच्यातला शब्दही बदलायची परवानगी नव्हती.

मोटारीत चढता-उतरताना किती त्रास होतो? मी म्हटलं, मोटार आमच्या गलीत येत नाही. तिने 'जमत नाही' वर खूण केली. आंघोळीच्या टबात पाय टाकताना? मी म्हटलं, टब नाही, गंगा आहे. गंगेला चौकोन नव्हता, म्हणून पुन्हा 'जमत नाही'. बागेतलं काम? जमत नाही. कुत्र्याला फिरवणं? आमच्याकडची कुत्री स्वतःची स्वतः फिरतात. जमत नाही. मांडी घालून जेवायला बसता का, संध्येला बसता का, हे कुणी विचारलंच नाही. शंभरापैकी मला नऊ गुण मिळाले. मॅट्रिकला गणितातसुद्धा मला इतके कमी नव्हते.

पण खरा अपमान पुढेच होता. तिने एक बंद पाकीट माझ्यापुढे ठेवून फोडायला सांगितलं. त्याच दिवशी नाव घालायला आलेल्या एका वकिलाच्या पाकिटातून निघालं की त्यांना नवं उपचारयंत्र मिळणार, आठवड्यातून तीनदा, लतिकाबाईंच्या देखरेखीखाली. माझ्या पाकिटातून निघालं की मी तुलनेच्या गटात. म्हणजे काय, तर मला काही द्यायचं नाही. एक घडीपत्रक द्यायचं: पाय सरळ करा, दहा वेळा, विश्रांती घ्या, याशिवाय कुठलाही व्यायाम करू नका. यंत्रवाले किती सुधारले हे कळायला कुणीतरी न सुधारलेला हवा ना, तो मी. मी विचारलं, आणि मी सुधारलो तर? ती हसून म्हणाली, "अंकलजी, थोड़ा-बहुत तो सुधरेंगे ही." ते 'थोड़ा-बहुत' मी आयुष्यात विसरणार नाही.

कमरेच्या पट्ट्याला लावायचं एक डबीएवढं यंत्रही दिलं. ते चढलेल्या-उतरलेल्या पायऱ्या मोजतं. शिवाय एक वही, रोज काय व्यायाम केला ते लिहायला.

मी संतापून घरी आलो आणि जिन्यात बिंदुमाधव गुरुजी भेटले. गुरुजी शेजारच्या घरात राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, पिढीजात वैदिक, आणि माझे लहानपणचे गुरू. मी त्यांच्या पाठशाळेत जटापाठापर्यंत पोहोचलो आणि मग वडिलांनी मला इंग्रजी शाळेत घातलं, हे दुःख ते अजून बाळगून आहेत. जटापाठ म्हणजे वेदातले शब्द पक्के करायची एक रीत. पहिला शब्द-दुसरा, मग उलट दुसरा-पहिला, मग पुन्हा पहिला-दुसरा. ते झालं की दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा, दुसरा-तिसरा. असं पुढे-मागे-पुढे करत गेलं की शब्द जन्मात विसरत नाही. चूक झाली की मात्र पुन्हा आरंभापासून.

गुरुजींनी माझी सगळी कैफियत ऐकून घेतली, माझ्या गुडघ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "वासुदेवा, हा मोडलाय की विसरलाय?"

मी म्हटलं, डॉक्टर म्हणतात हाड जुळलं.

"मग विसरलाय. विसरलेल्याला सरळ पाठ म्हणायला लावू नये. जटा घे."

आणि तिथेच, आमच्या जिन्यात, त्यांनी मला शिकवलं. पहिल्या पायरीवरून दुसरीवर, दुसरीवरून पहिलीवर, पुन्हा दुसरीवर. मग दुसरी-तिसरी, तिसरी-दुसरी, दुसरी-तिसरी. तोंडाने आकडे म्हणायचे, आणि चुकलो की पहिल्या पायरीवर. गुरुजी वर दारात पाट टाकून बसायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. मी एकदा एक उलट पाऊल गाळलं. डोळे न उघडता त्यांनी बोट वर केलं आणि मी एकोणिसाव्या पायरीवरून मागे. पहिल्या आठवड्यात दुखण्याने डोळ्यांत पाणी यायचं. गुरुजी म्हणायचे, नवव्या वर्षीही तुझ्या डोळ्यांत यायचं.

भाद्रपदात गंगा चढली, घाट पाण्याखाली गेले, म्हणून आम्ही जिनाच घोटला. दसऱ्यानंतर पंपाने गाळ धुऊन काढला तसे पंचगंगेवर गेलो. वहीत मी रोज इमानाने लिहीत होतो, 'व्यायाम: काही नाही.' यात काय खोटं होतं सांगा? व्यायाम पैलवान करतात. मी पाठ करत होतो. पाठाला व्यायाम म्हणावं हे आमच्या दुर्गाघाटावर कुणाच्या स्वप्नातसुद्धा येणार नाही.

इस्पितळात मात्र डबीतले आकडे निघाले. लतिकाबाईंचा फोन आला, आवाज रडवेला. यंत्रवाले वकील दिवसाला साठ पायऱ्यांवर अडकले होते, आणि तुलनेचा माणूस, ज्याने काही करायचं नव्हतं, तो सहाशेच्या वर. तिचा तीन वर्षांचा प्रबंध माझ्या एका गुडघ्याने उलटा केला होता. मला विभागप्रमुखांपुढे उभं केलं. ते साहेब माझ्याकडे न बघता कागदाकडे बघत म्हणाले की सहासष्ट वर्षांचा माणूस हे करू शकत नाही, तेव्हा डबी दुसऱ्या कुणाला तरी बांधलेली दिसते. पांडेयजी बाजूला उभे होते. ते म्हणाले, "सर, घाट पर बकरियाँ बहुत हैं."

बकरी! छत्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्यावर एक ठपका नाही, आणि मी शेळीच्या कमरेला सरकारी यंत्र बांधलं म्हणे. मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, साहेब, तुम्ही पंचगंगेवर या. दशमीला सकाळी आठ वाजता या. मुलगाही लखनऊहून येतोय, दोघांनी मिळूनच बघा. साहेब म्हणाले, ठीक आहे. ते येतील असं मला वाटलं नव्हतं. घरी येऊन इंदूला सांगितलं तेव्हा तिने माझी धोतरं धुवायला काढली होती ती तशीच राहिली. ती म्हणाली, "आणि नाही जमलं तर?" मलाही तीच भीती होती.

कार्तिक शुद्ध दशमी. वर बांबूंवर आकाशदिव्यांच्या टोपल्या लटकलेल्या, खाली स्नानाची गर्दी. साहेब आले, लतिकाबाई वही घेऊन आल्या, पांडेयजी काय बघायला आले कोण जाणे. शरद पहाटेच्या गाडीने आला तो थेट खाली पाण्याजवळ जाऊन उभा राहिला, हाताची घडी घालून, जणू मी कर्जाचा अर्ज घेऊन येणार होतो. प्रेमलाकाकू तेल घेऊन हजर होत्या. गुरुजी सगळ्यात वरच्या पायरीवर पाट टाकून बसले. आमच्या मोजणीने तिथून पाण्यापर्यंत एक्क्याऐंशी पायऱ्या.

साहेबांना वाटलं मी सरळ उतरून जाईन. मी सांगितलं, जसा शिकलो तसाच उतरणार. एक-दोन, दोन-एक, एक-दोन. साहेब चार पायऱ्यांपर्यंत कौतुकाने बघत होते, दहाव्यापर्यंत घड्याळ बघायला लागले. बाजूने नावाडी मोजायला लागले. अठ्ठावन्नावर असताना साहेब शेजारी येऊन विचारतात, "दर्द हो रहा है क्या?" मी सभ्य माणूस, उत्तर दिलं, नहीं. तेवढ्यात एक उलट पाऊल गळलं.

वरून गुरुजींचा आवाज आला. "वासुदेवा, वर ये."

साहेब म्हणाले, जाऊ द्या, कळलं. लतिकाबाई हात जोडून म्हणाल्या, हो गया अंकलजी. शरद खालून ओरडला, बाबा, रहने दीजिए. पण गुरुजींनी बोट वर केलं होतं. मी वर गेलो. पुन्हा आरंभ. दुसऱ्या वेळी एकतिसाव्यावर दक्षिणेकडच्या यात्रेकरूंचा एक जथा आडवा आला. त्यांनी मला वाट द्यायला म्हणून जागेवरच धरून ठेवलं. त्या गोंधळात आकडा गेला. बोट वर. मी पुन्हा वर. माझा राग कुणावर होता तेच आता मला कळेना, साहेबांवर, यात्रेकरूंवर, गुरुजींवर, की स्वतःवर.

तिसऱ्या वेळी पाय थरथरायला लागला. साठपर्यंत आकडे आपोआप आले. त्रेसष्ट-चौसष्टच्या जोडीत, चौसष्टाव्या पायरीवर मी थांबलो आणि माझं डोकं कोरं झालं. मागे जाऊन आलो होतो की जायचं होतं? काही आठवेना. चौथ्यांदा वर जायची ताकद उरली नव्हती, हे मला ठाऊक होतं. डोळ्यांपुढे इंदू आली, त्या आठव्या मजल्यावर खिडकीशी बसलेली. गुरुजी वर गप्प होते. परीक्षेत सांगायचं नसतं.

"त्रेसष्ट-चौसष्ट झालं, बाबा," खालून आवाज आला. "आता चौसष्ट-त्रेसष्ट."

शरद होता. लहानपणी दोन वर्षं गुरुजींकडे होता, मग क्रिकेटपायी पळाला होता. मला वाटायचं, त्याच्या लखनऊच्या घरातून मराठी गेली तशी त्याची ही दोन वर्षंही गेली. मी मागे गेलो, पुढे आलो. मी वर पाहिलं. गुरुजींनी सगळं ऐकलं होतं, आणि बोट खालीच होतं. शरद चढून माझ्यापासून दोन पायऱ्या खाली उभा राहिला आणि उलट्या पावलाने माझ्यापुढे उतरत आकडे म्हणू लागला. माझा चष्मा घामाने धुरकटला होता, मला पायरी दिसत नव्हती, त्याचा आवाज ऐकून मी पाय टाकत होतो. एक्क्याऐंशी. पाणी घोट्यापर्यंत आलं.

मी दम खात उभा होतो. त्याला काहीतरी झोंबणारं ऐकवायचं मनात तयार होतं, महिनाभर तयार होतं. तो पाण्याकडे बघत म्हणाला, "बाबा, तुम्ही पडलात तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. फोन बंद होता, तुमचे कॉल मला नंतर दिसले. तीन तास तुम्ही फरशीवर पडून होतात. मला रोज तेच दिसतं."

ते तीन तास मी कुणालाच सांगितले नव्हते, तेव्हा बनारसला असलेल्या इंदूलाही नाही. त्याला कळलं असेल असं मला कधी वाटलं नाही. मी त्याला लिफ्टचा, सोयीचा, कागदांचा माणूस समजत होतो, आणि पोरगं घाबरलेलं होतं. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "अरे, मी तेव्हा झोपलो होतो थोडा." तो हसला नाही. मलाच रडू आलं आणि मी गंगेचं पाणी तोंडावर मारून घेतलं.

चढताना त्याने माझा दंड धरला. अट आधाराशिवायची होती, आणि मला आधाराची गरजही नव्हती. त्याला होती, म्हणून मी धरू दिला. मधे तो तीनदा दम खायला थांबला.

वर साहेब वाट पाहत होते. त्यांनी प्रथम माझी क्षमा मागितली, आणि मग कामाचं सांगितलं. बकरीचा संशय मागे. पण तुलनेच्या गटात असून मी दुसरा उपचार घेतला, नियम मोडला, तेव्हा माझं नाव अभ्यासातून काढावं लागेल, आकडे धरता येणार नाहीत, आणि वर पुन्हा मी आधार घेऊन चढलो, म्हणून प्रमाणपत्रही देता येणार नाही. मागे लतिकाबाई गुरुजींच्या पाटाजवळ बसून त्यांना काहीतरी विचारत, भराभर लिहून घेत होत्या. म्हणजे डोळ्यांदेखत एक्क्याऐंशी पायऱ्या उतरून चढून आलेला मी कागदोपत्री अजून लंगडाच. मी तोंड उघडणार होतो, आणि त्या दिवशी मी जे बोललो असतो ते पंचगंगेने आजवर ऐकलं नसेल.

पण शरदने माझा दंड सोडला नव्हता. तो साहेबांना म्हणाला, "रहने दीजिए सर, कागज़ नहीं चाहिए. मैंने देख लिया." मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "बाबा, आईला सांगा, परतीचं माझं एकट्याचंच तिकीट आहे."